बार्शी लाईट : अडीच फुटी रुळांचा शतकी प्रवास

बार्शीकरांची एक ठसकेबाज म्हण आहे, ‘बार्शी तिथे सरशी’. पण रेल्वेच्या बाबतीत सरशी व्हायला बार्शीला बरीच वाट पाहावी लागली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे लोकांच्या तोंडची जीआयपी, १८६० मध्ये सोलापूरला पोचली. हा मोठा मार्ग बार्शीला वीस-एकवीस मैल बाजूला टाकून पुढे गेला. आज आपण ज्याला कुर्डुवाडी जंक्शन म्हणतो, त्या ठिकाणी स्टेशन झाले. नाव पडले बार्शी रोड, आणि गाव मात्र रुळांपासून लांबच राहिले.

बालाघाटाच्या डोंगरापलीकडचा कापूस, गळिताची धान्ये, ज्वारी आणि डाळी उतरायच्या त्या बार्शीच्या पेठेत. तिथून पुढे मुंबईपर्यंतचा प्रवास रेल्वेने होई. पण पहिला टप्पा बैलगाडीचा. काळ्या रानातून गेलेल्या या वाटेवर पावसाळ्यात चाके आसापर्यंत रुतत. व्यापारी अडत, शेतकरी नडत आणि भाडे वाढत जाई. पुढे तीन राज्यसत्तांच्या मुलखांतून फिरलेल्या एका रेल्वेची मुळे या एवढ्याशा अडचणीत आहेत.

१८८७ ते १८९७ : लोको इन्स्पेक्टरचा हट्ट

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये लोको इन्स्पेक्टर म्हणून जीआयपीत आला. वय पंचविशीचे, शिक्षण इंजिनांच्या कारखान्यात झालेले. मोठ्या मार्गाच्या दोन्ही अंगांना असलेल्या पेठा त्याने पाहिल्या आणि त्या छोट्या, स्वस्त रेल्वेने जोडाव्यात असे त्याच्या मनाने घेतले. बार्शीचा प्रस्ताव त्याने १८८७ मध्ये मांडला. त्यानंतर आठ वर्षे कागद हलत राहिले. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला भारतमंत्र्यांशी करार झाला. ठरावीक मुदतीनंतर आगाऊ नोटीस देऊन सरकार ही रेल्वे विकत घेऊ शकेल, असे एक कलम त्या करारात होते. तेव्हा त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नसावे. ५८ वर्षांनी मात्र प्रत्येक कर्मचाऱ्याला ते पाठ झाले.

कॅलथ्रॉपचे खरे कसब हिशेबात होते, आणि त्यावर जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुढे या गाडीची जी टिंगल झाली ती करणाऱ्यांना हा हिशेब माहीत नव्हता. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर. याने धरले अडीच फूट. रूळ हलके, यार्डाला ३० पौंड वजनाचे. इतक्या हलक्या रुळांवर जड गाडी चालवायची कशी? त्याने नियम केला, की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, आणि सगळ्यांवर भार सारखा वाटला गेला पाहिजे. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याला सहा ॲक्सलांची टँक इंजिने बांधून दिली. चार ॲक्सल ओढणारे, दोन मागे सावरणारे. मालडबे दाबीव पोलादाच्या चौकटीचे, दोन-दोन बोगींवर बसवलेले. डब्याचे स्वतःचे वजन कमी आणि आत भरता येणारा माल जास्त. वळणेही त्याने आखडती घेतली, म्हणजे खोदाई वाचली, भराव वाचला, पैसा वाचला.

हे सगळे साहित्य बोटीवर चढवण्यापूर्वी लीड्सजवळच्या न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून त्याने त्याची जाहीर चाचणी घेतली आणि इंग्लंडातल्या इंजिनिअरांना ती दाखवली. बार्शीची गाडी बार्शीच्या आधी यॉर्कशरमध्ये धावली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

रूळ पडत होते तो काळ चांगला नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याच्या मानगुटीवर बसला होता आणि मुंबई-पुण्यात प्लेग शिरला होता. अशा वर्षात, १८९७ मध्ये, बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. कॅलथ्रॉपचे नाव दप्तरात राहिले. मुरूम खोदणारे, स्लीपर वाहणारे, घमेली डोक्यावर घेणाऱ्या बायाबापड्या यांची नावे कुठे उरली नाहीत. संस्थापक म्हणून त्यांचीही गणना या पानावर करतो.

१८९७ ते १९११ : पंढरी आणि लातूर

बार्शीचा प्रयोग यशस्वी झाला. इतका की ‘बार्शी’ हा शब्द परदेशांतल्या रेल्वे-इंजिनिअरांच्या बोलण्यात आला. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात १९०४ मध्ये लीक–मॅनिफोल्ड नावाचा छोटा मार्ग सुरू झाला. त्याचा इंजिनिअर कॅलथ्रॉपच, गेज अडीच फुटीच, आणि इंजिने किटसनचीच, बार्शीच्या वळणावर घडवलेली. तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. त्याच्या आधी जन्मलेली आपली गाडी त्यानंतरही सत्तर वर्षे धावली.

कॅलथ्रॉपविषयी एक अवांतर. या माणसाने पुढे विमानातून उडी घेण्यासाठी पॅराशूट तयार केले, त्याला ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले आणि पहिल्या महायुद्धात ते वैमानिकांना द्यावे म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागला. शिवाय त्याला अरबी घोड्यांचा नाद होता. घोड्यावर पुस्तक लिहिणारा, पॅराशूट करणारा आणि बार्शीला रेल्वे आणणारा माणूस एकच, हे सांगितले तर कोणी चटकन विश्वास ठेवणार नाही.

१९०६ मध्ये बार्शी रोडहून दक्षिणेला पंढरपूरचा फाटा सुरू झाला आणि या रेल्वेचे रूप पालटले. आतापर्यंत ती कापसाची आणि धान्याची गाडी होती. आता ती विठोबाची झाली. आषाढी-कार्तिकीला मोठ्या मार्गाच्या गाड्यांतून माणसांचे लोंढे उतरत आणि शेजारच्या छोट्या फलाटाकडे धावत. टाळ-मृदंग, पडशा, तुळशीच्या कुंड्या, आजारी म्हाताऱ्या, कडेवरची पोरे; डब्यात, दारात, टपावर. पायी वारीची थोरवी वेगळी, ती कोणी नाकारत नाही. पण ज्यांचे पाय थकले होते किंवा ज्यांना चार दिवसांपेक्षा अधिक रजा नव्हती, त्यांना पांडुरंग दाखवला तो या गाडीने. रोजच्या वेळापत्रकात न मावणारी ती गर्दी दरवर्षी हाताळणारे स्टेशन मास्तर, गार्ड, पॉईंट्समन आणि सफाई कामगार यांची ती खरी परीक्षा असे.

दुसरे टोक पूर्वेला वाढत होते. बार्शीहून १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत रूळ गेले. येडशीचा डोंगराळ भाग ओलांडून गाडी निजामाच्या राज्यात शिरली. बार्शी इंग्रजांची, लातूर हैदराबादचे. पलीकडे चलन वेगळे, हाली शिक्क्याचे. जकात वेगळी, करोडगिरीची. गाडी तीच, डबा तोच, पण खिशातला रुपया बदलावा लागे. लातूरला रेल्वे आल्यावर काही वर्षांतच, १९१७ च्या सुमारास, गंजगोलाईची गोल बाजारपेठ आकाराला आली. लातूर ही मराठवाड्याची मोठी पेठ झाली त्याचे श्रेय व्यापाऱ्यांना आहेच. त्यातला काही वाटा या अडीच फुटांनाही द्यावा लागेल.

१९११ ते १९२७ : मिरजेपर्यंत

या काळातली मोठी घटना एकच. पंढरपूरपासून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, आरग अशी मजल मारत मार्ग १९२७ मध्ये मिरजेला पोचला. ब्रिटिश मुलूख, निजामाचे राज्य आणि आता पटवर्धनांचे संस्थान. लातूर ते मिरज २०२ मैल. कॅलथ्रॉपचा मृत्यू याच वर्षी मार्चमध्ये झाला.

हा सगळा पट्टा अवर्षणाचा. माणदेशाच्या कडेने जाणाऱ्या या गाडीला मालाची चणचण कायम असायची, पण माणसांची कधी नसायची. कामधंद्यासाठी पश्चिमेकडे जाणारे, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात दुखणे घेऊन जाणारे, बाजारची जनावरे पाहायला निघालेले, माहेरवाशिणी. मिरज जंक्शन तर पुढे कित्येक वर्षे तीन गेजचे स्टेशन होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज एकाच आवारात दिसावेत अशी ठिकाणे देशात मोजकीच होती.

१९३० आणि १९४० ची दशके

कंपनीचे मुख्य ठाणे कुर्डुवाडीला होते. तिथला कारखाना ही या काळातली तिची मोठी कमाई. लंडनहून सुटा भाग मागवायचा तर महिने जात, म्हणून फिटर, लोहार, सुतार, मोल्डर यांनी इथेच तो घडवायला सुरुवात केली. कारखान्याच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत. बाप फिटर, मुलगा फायरमन, नातू क्लार्क अशी घराणी तयार झाली. मोठ्या आणि छोट्या मार्गाची गाठ इथे पडे, त्यामुळे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागे. ते हमालांच्या पाठीवरून जाई. स्वस्त रुळांनी वाचवलेल्या पैशाचा एक भाग अशा रीतीने या फलाटावर खर्ची पडत होता. कॅलथ्रॉपच्या हिशेबातली ही उणी बाजू, आणि अखेर तीच या मार्गाला भोवली असे म्हणता येईल.

रेल्वेने केवळ माल आणला नाही, माणसे आणि विचारही आणले. फेब्रुवारी १९४१ मध्ये या मार्गावरच्या कसबे तडवळे गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. जिल्ह्याच्या ठिकाणापासून आडबाजूच्या या गावाचे नाव आज महाराष्ट्रभर घेतले जाते ते त्या परिषदेमुळे.

१९४७ ला इंग्रज गेले, पण येडशीच्या पलीकडे निजामाची सत्ता राहिली. बार्शी स्वतंत्र भारतात, लातूर नाही, आणि दोहोंमध्ये एकच रूळमार्ग. बार्शी परिसर हैदराबादच्या मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्यांचे आश्रयस्थान बनला. ती तेरा महिन्यांची धाकधूक सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संपली. त्या दिवसांत ड्युटीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांची वेगळी नोंद झाली नाही, ती व्हायला हवी होती.

१९५० चे दशक : मालक बदलला

१८९५ च्या करारातले ते कलम आता जागे झाले. डिसेंबर १९५२ मध्ये सरकारने कंपनीला नोटीस दिली, की १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे आम्ही ताब्यात घेणार. कंपनीने नोव्हेंबर १९५३ मध्ये सर्व कामगारांना कळवले, की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारने सामावून घेतले. पण जुनी सेवा संपली ती संपलीच. तिची भरपाई कोण देणार?

युनियनचे अध्यक्ष होते के. एन. जोगळेकर, मीरत खटल्यातले एक आरोपी. औद्योगिक कलह कायद्यात कामगार कपातीच्या भरपाईचे कलम नुकतेच, १९५३ मध्येच, आले होते. त्या आधारावर दावा लावण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाचा कौल कामगारांकडे झुकला, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल लागला तो कंपनीच्या बाजूने. चालू धंद्यातून जादा माणसे कमी केली तर ती कपात. धंदाच बंद केला किंवा दुसऱ्याच्या हाती दिला तर ती कपात नव्हे, असा त्याचा आशय.

कामगार हरले. पण निकालाने कायद्यातले भगदाड असे उघडे पाडले, की सरकारला काही महिन्यांतच वटहुकूम आणि मग १९५७ ची दुरुस्ती आणावी लागली. मालकी बदलली किंवा कारखाना बंद झाला तरी कामगाराला भरपाई मिळावी, अशी दोन नवी कलमे कायद्यात आली, २५ एफएफ आणि २५ एफएफएफ. ती लागू झाली २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. देशभरातल्या गिरण्या-कारखान्यांच्या कामगारांना त्यांचा लाभ झाला. ज्यांनी दावा लावला त्या बार्शी लाईटच्या कामगारांना नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला शिकतात. कुर्डुवाडीच्या शाळेत तो शिकवला जात नाही, याची खंत वाटते.

या काळात युनियनमध्ये आणि कर्मचाऱ्यांत थोडे मतभेद झाले, काही मंडळी वेगळी झाली. मोठ्या कुटुंबात असे चालतेच. ते इथे उगाळण्याचे कारण नाही. गाड्या मात्र एक दिवसही त्यापायी अडल्या नाहीत, असे जुनी मंडळी अभिमानाने सांगतात.

१९६० ते १९९० : संथ वाहते

सरकारी झाल्यावर मार्ग मध्य रेल्वेत गेला. १९६६ मध्ये सोलापूर विभागाबरोबर दक्षिण मध्य रेल्वेकडे सोपवला गेला आणि १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आला. पाट्या बदलल्या, टोप्यांवरची अक्षरे बदलली, वेग बदलला नाही.

विनोद याच काळात रंगले. चढावर गाडी एवढी हळू होई, की पोरे खाली उतरून बोरे वेचून पुन्हा चढत. घाईच्या माणसाने चालत जावे, ज्याला वेळ आहे त्याने बार्शी लाईटने यावे. घरात कोणी रेंगाळले की आई म्हणणार, ‘अगदी बार्शी लाईट आहेस!’ या विनोदांत माया होती हे मान्य. पण त्यांत थोडा अन्यायही होता. ही गाडी पळण्यासाठी बांधलीच नव्हती. दुष्काळी मुलखाला परवडेल एवढ्याच खर्चात टनावारी माल ओढण्यासाठी ती बांधली होती, आणि ते काम तिने पहिल्या दिवसापासून केले.

तोवर पक्क्या सडका झाल्या, एसटी गावोगाव पोचली, ट्रकवाल्यांनी मालही नेला. १९६९ मध्ये तोट्यातल्या शाखामार्गांचा विचार करायला सरकारने समिती नेमली आणि देशातल्या सगळ्याच छोट्या मार्गांना धास्ती वाटू लागली. वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली. वारीच्या दिवसांत फलाट तरीही फुलून जात. एरवी प्रवासी ते विद्यार्थी, दूधवाले, भाजीवाल्या बाया आणि ज्यांना एसटीचे तिकीट परवडत नव्हते असे शेतमजूर. तोट्याच्या आकड्यांत या माणसांसाठी कुठे रकाना नव्हता.

याच वर्षांत गेज बदलावा म्हणून बार्शी, लातूर, उस्मानाबाद, पंढरपूर, सांगोला अशा गावोगावच्या प्रवाशांनी, व्यापाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी निवेदने दिली, दिल्लीला शिष्टमंडळे नेली. श्रेय कोणा एकाचे नाही, सर्वांचे आहे. एका गावाला मार्ग आपल्याकडून वळावा असे वाटले, दुसऱ्याला नाही, हेही झाले. पण शेवटी सगळे एकाच गाडीत बसले.

२००० चे दशक : शेवटची शिट्टी

देशभर एकच गेज करण्याचे धोरण रेल्वेने १९९२ मध्ये स्वीकारले होते. त्याचा हात इकडे पोचायला दहा वर्षे लागली. आधी कुर्डुवाडी–पंढरपूर ब्रॉडगेज झाला. मग लातूरकडून काम सुरू झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद–कुर्डुवाडी हा टप्पा पुरा होऊन लातूर–कुर्डुवाडी ब्रॉडगेज जोडला गेला. पंढरपूर–मिरज सर्वांत शेवटी.

जुन्या रुळांवरच नवे रूळ पडले असे सर्वत्र झाले नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, जिल्ह्याचे ठिकाण असून शंभर वर्षे रेल्वेविना होते. तिथल्या माणसाला गाडीसाठी येडशीला जावे लागे. त्याच्यासाठी मार्गाला वळण देण्यात आले. लातूरला शहराच्या पोटातले जुने स्टेशन बंद झाले आणि नवे बाहेर गेले. शहराच्या मधोमध फाटकावर तिष्ठणाऱ्या लातूरकरांनी त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि मग रिक्षाचे भाडे ऐकून परत आत घेतला असेल.

बंद स्टेशनांचे काय झाले, हे विचारावे तर उत्तरे निरनिराळी. कुठे इमारत उभी, कुठे जोते, कुठे अतिक्रमण. भिंगाच्या दिव्यांचे, टोकनच्या यंत्रांचे, ओतीव लोखंडी पाट्यांचे बरेचसे सामान भंगारात गेले. एवढ्या जुन्या रेल्वेचे एक चांगले संग्रहालय तिच्या स्वतःच्या गावी व्हायला हवे, ही मागणी या स्मरणिकेतून आम्ही पुन्हा करतो.

आज

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते. मिरजेला कृष्णेचे पाणी भरून रेल्वेच्या टाक्या निघाल्या आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असे करत १२ एप्रिलला लातूरला पोचल्या. पहिल्या फेरीत १० टाक्या आणि ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० टाक्यांची गाडी धावू लागली. ‘जलदूत’ नावाची ही पाणीगाडी ज्या वाटेने गेली ती बहुतांशी १९२७ मध्ये पुरी झालेलीच वाट, मिरज ते लातूर. अडीच फुटी रुळांवर ५० टाक्या जाणे शक्य नव्हते, हे मोकळेपणाने मान्य करू. पण त्या दिशेने कोणी आधी रूळ टाकलेच नसते, तर रुंद करायला काय होते?

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला असून डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. कुर्डुवाडीचा कारखाना आजही चालू आहे आणि कंपनीच्या काळात बसलेला तिथला हात वाया गेलेला नाही. माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीला इथेच येत आले आहेत. पंढरपूरला वारीसाठी खास गाड्या आता थेट सुटतात आणि फलाट बदलण्यासाठी पळावे लागत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण पुरे झाले. त्यातला अगदी शेवटचा तुकडा होता औसा रोड ते लातूर रोड, ५२ किलोमीटरचा. सगळ्या मध्य रेल्वेत अखेरचा नंबर लागला तो बार्शी लाईटच्या औसा रोडचा, याचे निदान जुन्या प्रवाशांना तरी नवल वाटू नये.